पाटे वाढवलेली पिकअप सरळ का चालत नाही? स्टीअरिंग भरकटण्याची कारणे, तपासणी आणि उपाय

बदलापूर, मांजर्ली, एरंजाड परिसरातून जूनमध्ये जांभूळ आणि वर्षभर भाजीपाला कल्याण व वाशीच्या बाजार समितीत जातो, तो पिकअप किंवा छोट्या टेम्पोतून. जास्त माल बसावा म्हणून या गाड्यांना मागे एक-दोन पाटे वाढवले जातात, मोठे टायर टाकले जातात, काही वेळा बॉडीही फूट-दीड फूट लांबवली जाते. मग काही दिवसांनी तक्रार सुरू होते, ‘गाडी रस्ता धरत नाही, स्टीअरिंग सारखे सांभाळावे लागते.’ अलाइनमेंट करून आणले की आठ दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच.

याचे कारण असे, की अलाइनमेंट ही दुरुस्तीची शेवटची पायरी आहे. ढिले भाग तसेच ठेवून केलेले अलाइनमेंट टिकत नाही. शिवाय पाटे वाढवलेल्या गाडीत बिघडतो तो बहुतेक वेळा ‘कॅस्टर’ आणि साध्या अलाइनमेंटमध्ये फक्त ‘टो’ बसवला जातो. पहाटेच्या अंधारात भरलेली गाडी घेऊन निघणाऱ्यासाठी हा जिवाचा प्रश्न आहे. त्यामुळे तपासणी योग्य क्रमाने करावी.

आधी तक्रार ओळखावी

- खेचणे : गाडी नेहमी एकाच बाजूला जाते. हवा कमी-जास्त असणे, एका चाकाचा ब्रेक धरणे, एका बाजूचा पाटा बसणे किंवा ॲक्सल सरकणे ही कारणे असतात.
- भरकटणे : गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाते. सांध्यातील प्ले, कमी झालेला कॅस्टर, चुकीचा टो किंवा मागच्या पाट्यांचे झिजलेले बुश ही कारणे असतात.
- थरथरणे : ठरावीक वेगाला स्टीअरिंग हलते. चाकाचे बॅलन्सिंग, वाकडी रिम, फुगलेला टायर किंवा ढिला किंगपिन पाहावा.

गाडी भरलेली असताना भरकटते की रिकामी असताना, हेही मेकॅनिकला सांगावे. त्यावरून निम्मे निदान होते.

पाटे वाढवल्यावर नेमके काय होते?

सायकलचा पुढचा चिमटा उभा नसतो, तो मागे झुकलेला असतो. गाडीत पुढचे चाक ज्या किंगपिनवर वळते, तोही वरच्या बाजूने किंचित मागे झुकवलेला असतो. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ येते आणि सरळ रस्त्यावर गाडी स्थिर राहते, ती मुख्यतः यामुळे.

मागे पाटे वाढवले की गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि चासी पुढे झुकते. चासीबरोबर पुढचा ॲक्सलही झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. दोन्ही ॲक्सलमधील अंतर ३ मीटर असेल, तर मागचा भाग सुमारे ५ सेंमी उचलला गेल्यावर कॅस्टर जवळपास १ अंश कमी होतो. साडेसात सेंमी उचलला तर सुमारे दीड अंश. कंपनीने ३ अंश दिला असेल, तर तो निम्मा झाला.

माल भरला की मागचा भाग खाली बसतो आणि कॅस्टर परत वाढतो. म्हणून जाताना भरलेली गाडी सरळ चालते आणि बाजारातून रिकामी परतताना भरकटते. हे लक्षण दिसले तर आधी कॅस्टरचा संशय घ्यावा.

याउलट गाडी भरल्यावरच भरकटत असेल, तर माल कुठे ठेवला आहे ते पाहावे. मागच्या ॲक्सलच्या मागे गेलेले ओझे पुढची चाके हलकी करते. बॉडी लांबवलेल्या गाडीत हे हमखास होते. जड क्रेट केबिनच्या बाजूला आणि हलके मागे ठेवावेत.

पुढचे पाटे वाढवले असतील तर वेगळा त्रास होतो. ड्रॅग लिंकचा कोन बदलतो आणि प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंगला आपोआप झटका बसतो. तसेच बाहेर काढलेली रिम किंवा स्पेसर लावल्यास चाक रस्त्यावरची प्रत्येक चाकोरी पकडते.

तपासणीचा क्रम

गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करावी. चाक उचलताना बाकीच्या चाकांना अडण लावावी आणि नुसत्या जॅकवर विसंबू नये, चासीखाली घोडी ठेवावी.

१. टायर : थंड टायरमध्ये हवा तपासावी. एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे व एकाच प्रकारचे असावेत. एकीकडे रेडियल व दुसरीकडे नायलॉन चालणार नाही. टायरवरून आडवा हात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागल्यास टो चुकलेला आहे.

२. बेअरिंग आणि किंगपिन : चाक उचलून वर व खाली धरून हलवावे. प्ले जाणवल्यास दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग ढिले आहे, राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजला आहे. उल्हास नदीकाठच्या गावांत २००५ आणि २०१९ च्या जुलैसारखा पूर येतो. हबपर्यंत पाण्यात गेलेल्या गाडीची बेअरिंग उघडून, धुऊन नवे ग्रीस भरावे. वरून ग्रीस मारून आत गेलेले पाणी निघत नाही.

३. टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंक : चाके जमिनीवर ठेवून एकाने स्टीअरिंग थोडे डावे-उजवे हलवावे, दुसऱ्याने खालून प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. रॉड हलूनही पुढचा भाग उशिरा हलत असेल तर तो सांधा बदलावा.

४. पाटे, यू-बोल्ट, सेंटर बोल्ट : पाटे वाढवताना जुनेच यू-बोल्ट ओढून बसवलेले असतील तर ते ढिले होतात. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल सरकतो. दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचे अंतर मोजावे. फरक दिसला तर कारण इथे आहे.

५. मागचे शॅकल व बुश : हे झिजले की मागचा ॲक्सल स्वतःच थोडा वळतो. चालकाला वाटते, दोष स्टीअरिंगचा आहे.

६. स्टीअरिंग बॉक्स : बॉक्स चासीला घट्ट आहे का ते पाहावे. आतील प्ले सर्वांत शेवटी तपासावा.

टो घरी कसा मोजावा?

वरील दोष काढल्यानंतरच टो मोजावा. पुढचे चाक उचलून फिरवावे आणि खिळा स्थिर धरून टायरच्या मध्यावर बारीक रेघ ओढावी. दुसऱ्या चाकावरही तसेच करावे. गाडी खाली घेऊन दोन-तीन मीटर पुढे ढकलावी, म्हणजे पाटे जागेवर बसतील. आता हबच्या उंचीवर दोन्ही रेघांमधील अंतर टायरच्या पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने मोजावे. पुढचे अंतर कमी असेल तर टो-इन, जास्त असेल तर टो-आउट. सरळ ॲक्सलच्या छोट्या मालवाहू गाड्यांत साधारण १ ते ३ मिमी टो-इन ठेवतात. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. टो-आउट असलेली गाडी भरकटतेच.

या पद्धतीने दोष कळतो. अंतिम जुळणी मशीनवर करावी आणि तिथे कॅस्टरचा आकडाही मागावा.

कॅस्टर कसा परत आणावा?

- पहिला उपाय म्हणजे वाढवलेले पाटे काढून कंपनीच्या मापाचे पाटे बसवणे. मूळ कारण याने जाते.
- पुढे पाट्यांवर सरळ ॲक्सल असेल तर ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी पाचर बसवता येते. ॲक्सल पाट्याच्या खाली असेल तर पाचरीची जाड बाजू मागे ठेवावी, म्हणजे कॅस्टर वाढतो. दोन्ही बाजूंना एकाच अंशाची पाचर हवी. सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या भोकात पूर्ण बसले पाहिजे आणि यू-बोल्ट नवे, योग्य लांबीचे घ्यावेत.
- पुढे टॉर्शन बार किंवा कॉइल स्प्रिंग असेल तर पाचर चालत नाही. शिम किंवा बोल्टने होणारी ही जुळणी मशीनवरच करावी.
- काम झाल्यावर काही दिवस गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.

हे करू नये

- प्ले लपवण्यासाठी स्टीअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळू नये. बॉक्स जड झाला की स्टीअरिंग सरळ येत नाही आणि गाडी आणखी भरकटते.
- टाय रॉड किंवा ड्रॅग लिंक तापवून वाकवू नये, वेल्डिंग करू नये. हा रॉड चालत्या गाडीत तुटला तर हातात काहीच राहत नाही.
- लाकडाची किंवा पत्र्याच्या तुकड्यांची पाचर वापरू नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार स्टीअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. ४० सेंमी व्यासाच्या स्टीअरिंगवर हे कडेने सुमारे १० सेंमी होतात. ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. चांगल्या गाडीत प्ले याहून बराच कमी असतो. मागच्या ॲक्सलच्या मागे जाणारी बॉडी दोन्ही ॲक्सलमधील अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, म्हणजे ३ मीटरच्या गाडीत १.८ मीटर. पाटे वाढवल्याने गाडीची अधिकृत वजनक्षमता वाढत नाही. कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अपघात झाल्यास विमा कंपनीही बदलावर बोट ठेवू शकते. बदलाबाबत शंका असल्यास कल्याणच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी विचारावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गटशेती किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीत पीक सल्ल्याबरोबर माल वाहतुकीसाठी अर्धा तास ठेवावा. गावातील एक गाडी उभी करून ब्रेक दाबून बेअरिंग व किंगपिन वेगळे ओळखण्याची चाचणी प्रत्यक्ष दाखवावी. मे महिन्यात ही तपासणी झाली तर जांभळाच्या हंगामात गाडी ऐनवेळी अडत नाही आणि पावसाळ्याआधी टायर-ब्रेकही पाहून होतात.

हंगामापूर्वीची यादी

हवा व टायर, बेअरिंग व किंगपिन, टाय रॉड एंड, यू-बोल्ट व सेंटर बोल्ट, मागचे बुश, स्टीअरिंग बॉक्स, मग टो आणि कॅस्टर. याच क्रमाने जावे. पैसे एकदाच खर्च होतात आणि पिकलेले जांभूळ न दबता बाजारात पोहोचते. आणि गाडी चालवणारा माणूस संध्याकाळी सुखरूप घरी येतो.