पाठीवरच्या तोफा

भूम तालुक्यातल्या ईटच्या माणसाला तोफा पाहायच्या तर दूर जावे लागत नाही. शेजारच्याच तालुक्यात परांड्याचा किल्ला आहे. 1600 साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मूर्तझाला पुढे करून निजामशाहीची राजधानी काही काळ इथेच थाटली होती. मात्र परांड्याची सगळ्यात नामांकित तोफ परांड्यात नाही. 1549 मध्ये महंमद बिन हसन रूमीने अहमदनगरला ओतलेली सुमारे 55 टनांची मलिक-ए-मैदान 1632 मध्ये विजापूरकरांनी इथून नेली. ओढायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले, असे सांगतात.

एवढा खटाटोप करून नेलेली तोफ पुढे बुरुजावरच बसून राहिली. रोजची लढाई लढल्या त्या वेगळ्याच: जंबुरे, जेजाला, सुतरनाळा अशा हलक्या तोफा. मोठ्या तोफांना नावे मिळाली, दंतकथा मिळाल्या. या बिचाऱ्या यादीतल्या आकड्यापुरत्या उरल्या. अकबराच्या काळच्या आईन-इ-अकबरीत हत्तीवरची गजनाळ आणि एकट्या माणसाने उचलायची नरनाळ अशा दोन्ही नोंदल्या आहेत. तोफ कोण वाहतो, यावरूनच तिची जात ठरायची.

पोर्तुगीज जहाजांच्या काठावर बसवलेली छोटी फिरती तोफ तर मोठी हिकमती होती. तिच्या मागच्या टोकाला खाच असे. मुठीच्या लोखंडी मगासारख्या नळकांड्यात दारू आधीच ठासून ठेवायची, ते खाचेत बसवायचे, मागून पाचर ठोकायची, रंजक घालून बत्ती द्यायची. बार झाला की पाचर काढून दुसरे भरलेले नळकांडे आत. तोंडातून दारू ठासण्याची कटकट नाही, त्यामुळे बार भराभर निघत. सांध्यातून धूर आणि जोर दोन्ही निसटत. म्हणून पल्ला बेताचा. पण अंगावर येणाऱ्या होडीसाठी तेवढा पुरे.

कोकण किनाऱ्यावरच्या आंग्र्यांनी हेच हेरले असावे. इंग्रज इतिहासकार ऑर्म याने त्यांच्या गलबतांचे वर्णन केले आहे: चाळीस-पन्नास वल्ही, लहान गलबतांवर चिरलेल्या बांबूंचा हलका तक्ता आणि काठावर फिरत्या तोफा, मोठ्यांवर दोन ते चार पौंडी गोळ्यांच्या सहा-आठ तोफा. वारा पडला की जड जहाज जागीच अडकायचे आणि ही मंडळी वल्ही मारीत त्याच्याभोवती यायची.

जमिनीवर हलक्या तोफेचा सगळ्यात कडू अनुभव मराठ्यांना 14 जानेवारी 1761 रोजी आला. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराजाने पानिपतची हकीकत लिहून ठेवली आहे. अब्दालीकडे दोन हजार उंट, प्रत्येकावर दोन माणसे, हाती जंबुरे. मराठ्यांच्या तोफा मोठ्या आणि जड होत्या. त्यांचा कोन चटकन बदलता येईना. अब्दालीचे गिलचे जवळ येत गेले तसे गोळे त्यांच्या डोक्यांवरून जाऊन मैलभर मागे पडू लागले. उंट मात्र हवा तिथे नेता येत होता. पराभवाला इतर कारणेही होती, दाणापाणी संपले होते. पण मराठ्यांचा तोफखाना सांभाळणाऱ्या इब्राहिमखान गारद्याच्या शिस्तीची तारीफ करताना त्याच्या तोफांचे वजन विसरणे बरे नव्हे.

महादजी शिंद्यांनी पुढे डी बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीला चाकरीत घेतले. कवायती पलटणींबरोबर मैदानात चालणाऱ्या तोफा आल्या; सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने त्या ओतल्या. शिंद्यांच्या या तोफखान्याची खरी परीक्षा मराठवाड्याच्याच मातीत झाली. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांचे बैल शिंद्यांच्या गोलंदाजांनी असे टिपले की त्या तोफा पुढे सरकेनात. शेवटी इंग्रजी पायदळ संगिनी रोखून थेट तोफांवर चालून गेले. लढाई इंग्रजांनी जिंकली आणि शिंद्यांच्या जवळजवळ शंभर तोफा त्यांच्या हाती लागल्या.