मिंधेपणाचा कारभार

नगरपालिकेच्या कचेरीत लाच चालते ही गोष्ट आता कोणी गुप्त ठेवीत नाही व ती ऐकून कोणास धक्काही बसत नाही. बाजारात भाव विचारावा तसा "त्या कामास काय पडते?" हा प्रश्न सभ्य गृहस्थ एकमेकांस राजरोस विचारतात. रोग जुना झाला म्हणजे रोगी त्यालाच आपली प्रकृती समजू लागतो. आमच्या शहरांची आज तीच अवस्था आहे. ह्या विषयावर लिहिणाऱ्या पुष्कळांचा रोख, लाच घेणारास पकडून शिक्षा करावी, एवढ्यावरच असतो. शिक्षा व्हावी हे आम्हांसही मान्य आहे. परंतु आमचे म्हणणे असे की, लाच हे केवळ फळ होय. त्याचे मूळ मिंधेपणात आहे.

आमच्याच प्रांतातील एक जुना दाखला ह्या कामी उद्बोधक आहे. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे पुढे पुण्यास मध्यभागाचे कमिशनर असता, 1888 साली त्यांच्यावर मामलेदारांकडून पैसे घेतल्याचे आरोप आले व चौकशीस कमिशन बसले. कमिशनने लाचेच्या आरोपातून त्यांस मोकळे केले. तरीही त्यांस नोकरीस मुकावे लागले; कारण आपल्या हुकमतीखालील मुलखातील लोकांपासून त्यांनी कर्जे काढली होती. कर्ज काढणे हा काही फौजदारी गुन्हा नव्हे. पण ज्याच्या अर्जावर उद्या आपणांस निकाल द्यावयाचा त्याचेच आज देणेकरी होणे अधिकाऱ्यास शोभत नाही, एवढे त्या परक्या सरकारासही कळले. मग ते स्वराज्यातील नगरसेवकांस व अधिकाऱ्यांस कळू नये काय?

मुंबईच्या ज्या मंडईस ह्या क्रॉफर्डसाहेबांचे नाव होते, तिला आता महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. हा पालट आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. जोतीराव 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, व तेही सरकारने नेमलेले. असे असूनही व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेचा पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला. ज्याने खुर्ची दिली त्याचेही मिंधे न होणे, ह्याचेच नाव लोकसेवकाची नीती.

कायद्याची व नीतीची कसोटी एक नव्हे, हे आम्ही वकिलीच्या अनुभवाने सांगतो. कायदा विचारतो, "पैसे घेतले काय? पुरावा आणा." नीती विचारते, "तुझा हात मोकळा आहे काय?" गुत्तेदाराच्या मोटारीतून देवदर्शनास जाणाऱ्या अभियंत्याचा हात मोकळा नसतो. ज्याच्या बांधकामाचा नकाशा मंजुरीस पडला आहे त्याच्या कारखान्यात मुलास चिकटविणाऱ्या सभासदाचा हात मोकळा नसतो. दिवाळीची भेट ही आपली रीतच आहे, असे कोणी म्हणेल. त्यास आमचा एकच प्रश्न आहे: साहेबांची बदली झाल्यानंतरच्या दिवाळीस ती मिठाईची पेटी कोणाच्या दारी जाते? साहेबांच्या दारी गेली तर तो स्नेह; खुर्चीमागोमाग गेली तर ती खुर्चीची किंमत.

कायदे नाहीत असे मुळीच नव्हे. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भागी असणारा सभासद अपात्र ठरतो; बेकायदा बांधकाम करणारा अथवा त्यास साह्य करणारा सभासदही अपात्र ठरतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 पासून आहे, व 2018 च्या दुरुस्तीने 'अनुचित लाभ' ह्या शब्दांत पैशाखेरीज इतर लाभांचाही समावेश केला आहे. सेवा मुदतीत न मिळाल्यास दाद मागण्याची सोय 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने केली असून, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण भागी मेहुण्याच्या नावे असते, लाभ मुलाच्या लग्नात पोहोचतो, आणि दिरंगाई तर कचेरीतील सर्वांत खपाऊ माल होऊन बसली आहे. कलमे अक्षर पाहतात; मिंधेपणा अक्षरांच्या फटीतून निसटतो.

हे सर्व क्षुल्लक आहे असे ज्यांस वाटते त्यांनी ठाण्याजवळील शिळफाट्याची आठवण करावी. 4 एप्रिल 2013 रोजी तेथील एक बेकायदा इमारत कोसळली व 74 माणसे मेली. पुढे त्या प्रकरणी बांधणारांबरोबर पालिकेचे अधिकारी व एक नगरसेवकही अटकेत गेले. बेकायदा इमारत रात्रीतून उभी राहत नाही. मजल्यावर मजला चढत असता जो तो आपले डोळे मिटून घेतो, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांची किंमत अखेर आत राहणाऱ्या गरिबांस प्राणांनी द्यावी लागते.

आता दोन शब्द आमच्या व्यापारी वाचकांस. जकात नाक्यावर ट्रक अडे तेव्हा आपण खिशात हात घालीत होता व दोष नाकेदारास देत होता. 2017 साली वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईतलेही जकात नाके उठले. पण नाका उठला म्हणून सवय उठली काय? परवाना, घरपट्टी, गाळ्याचे नूतनीकरण ह्यांसाठी तोच हात पुन्हा खिशात जातो. 2018 पासून लाच देणाराही स्पष्टपणे गुन्हेगार आहे व त्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्यास जबरीने द्यावे लागले त्यास मात्र सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा दूरध्वनी क्रमांक आपल्या दुकानात लावून ठेवावा. क्रॉफर्ड प्रकरणात अभयवचनावर खरे सांगणाऱ्या मामलेदारांवर पुढे संकट आले तेव्हा लोकमान्य टिळकांनी त्यांची बाजू उचलून धरली होती. आजही जो पुढे येऊन खरे सांगेल त्याच्या पाठीशी पेठेने उभे राहिले पाहिजे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक नगरपालिकेने हितसंबंधांची एक नोंदवही ठेवावी. तीत सभासदांनी व वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपले व जवळच्या आप्तांचे धंदे, भागी व जमिनी दरसाल लिहाव्या, आणि ती वही कोणासही पाहता यावी. उमेदवारीच्या वेळचे शपथपत्र पुरेसे नाही, कारण खरे संबंध निवडून आल्यावर जुळतात. ज्या ठरावात आपला संबंध आहे त्या वेळी सभासदाने सभागृहाबाहेर जावे. अर्ज आले त्या क्रमाने फलकावर लागावे, व क्रम मोडणाराने लेखी कारण द्यावे. ज्याचे काम कचेरीत पडले आहे त्याची फुलाची पाकळीही कोणी घेऊ नये. आणि हा नियम प्रथम वरिष्ठांपासून लागू व्हावा. कारकून सापळ्यात सापडावा आणि साहेब सत्कारास जावा, ही नीती नव्हे.

ह्यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत आपल्या प्रभागाच्या सभासदाने नोंदवहीचा ठराव मांडावा, अशी विनंती वाचकांनी त्यास समक्ष भेटून करावी. तो हो म्हणाला तर उत्तमच. नाही म्हणाला तर तो कोणाचा मिंधा आहे हे शोधण्याचा हक्क मतदारांस आहेच.