बुडणाऱ्या देशाची वाढणारी जमीन

फुनाफुतीला विमान उतरायच्या थोडं आधी भोंगा वाजतो. तोवर धावपट्टीवर पोरांचा फुटबॉल रंगलेला असतो, कुणी मोटारसायकलवरून पलीकडे चाललेलं असतं, एखाद्या कुत्र्याने मधोमध ताणून दिलेली असते. भोंगा ऐकला की सगळे कडेला होतात. विमान येतं, माणसं उतरतात-चढतात, विमान जातं, आणि खेळ थांबला होता तिथून पुढे सुरू होतो. बेटावर एवढी सपाट मोकळी जागा दुसरी नाहीच. मग आठवड्यातल्या मोजक्या विमानांनीच तिच्यावर हक्क का सांगावा?

तुवालू नावाच्या देशाची ही राजधानी. ऑस्ट्रेलिया आणि हवाईच्या साधारण मध्यावर, प्रशांत महासागरात विखुरलेली नऊ बेटं. सगळी जमीन गोळा केली तरी जेमतेम २६ चौरस किलोमीटर, आणि लोक दहा-अकरा हजार. जमीन समुद्रापेक्षा सरासरी दोनेक मीटर वर. देशातली सर्वांत उंच जागाही पाच मीटरांच्या आतच. समुद्र वाढतोय म्हटलं की जगभरच्या कॅमेऱ्यांना हा देश आठवतो. ‘बुडणारा देश’ हा शिक्का त्याच्यावर कधीच बसला आहे. मला तो शिक्का अगदी खोटा वाटत नाही, आळशी मात्र वाटतो. इथलं बुडणं फार जुनं आहे, आणि त्याला इथली जमीनही उत्तर देत आली आहे, माणसंही.

या जुन्या बुडण्याची गोष्ट डार्विनपर्यंत जाते. त्याचं नाव आपण माकडांशी जोडून मोकळे होतो. पण उत्क्रांतीवरच्या पुस्तकाच्या सतरा वर्षं आधी, १८४२ साली, त्याने प्रवाळबेटांवर एक पुस्तक लिहिलं होतं. भर समुद्रात, जिथे तळ कित्येक किलोमीटर खोल आहे, तिथे ही प्रवाळाची कंकणं उभी तरी कशावर आहेत? प्रवाळाला ऊन लागतं, तो उथळ पाण्यातच वाढतो. डार्विनचा तर्क असा, की खाली ज्वालामुखीचा डोंगर होता. तो सावकाश खचत गेला आणि त्याच्या कडेने प्रवाळ तेवढ्याच सावकाश वर चढत राहिला. शेवटी डोंगर पाण्याखाली गेला, कंकण तेवढं उरलं. हे खरं की खोटं ते तपासायला लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ अशी लागोपाठ तीन वर्षं माणसं आणि यंत्रं धाडली, ती नेमकी फुनाफुतीला. भोक पाडत पाडत मंडळी ११०० फुटांच्या पुढे गेली. वर येत राहिला तो प्रवाळाचाच खडक. डोंगराचा काळा दगड काही हाती लागला नाही. तो लागला अर्ध्या शतकाने, १९५२ साली, मार्शल बेटांतल्या एनिवेटोकला, सव्वा किलोमीटरहून जास्त खोलीवर.

म्हणजे फुनाफुतीखाली ११०० फुटांवर निघालेला प्रवाळ कधीकाळी वर उन्हात होता! या देशाचा पाया लाखो वर्षं खचतोच आहे, आणि वरून सतत भर पडते आहे म्हणून देश पाण्याच्या वर आहे.

ही भर घालतं कोण? प्रवाळ आहेतच. पण इथल्या किनाऱ्यावरची वाळू चिमटीत घेऊन भिंगाखाली धरली, तर दगडाच्या कणांऐवजी नक्षीदार चकत्या आणि गोळ्या दिसतात. काहींना तर चांदणीसारखे काटे. ही फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची कवचं. एकच पेशी, समुद्राच्या पाण्यातून चुना वेचून टाचणीच्या डोक्याएवढं कवच बांधते, आणि ती मेली की कवच लाटेबरोबर किनाऱ्याला लागतं. अशा कोट्यवधी रिकाम्या कवचांवर एक देश उभा आहे. तिथे संसद आहे, बँक आहे, संयुक्त राष्ट्रांत त्याचा एक प्रतिनिधी आहे.

मोठी भर घालायला मात्र वादळ लागतं. ऑक्टोबर १९७२ मध्ये बेबे नावाचं चक्रीवादळ फुनाफुतीवरून गेलं आणि बहुतेक घरं झोपवून गेलं. पण जाताना त्याने समुद्रातला प्रवाळाचा राडारोडा उपसून किनाऱ्यालगत एक बांधच घातला. सुमारे १९ किलोमीटर लांब, काही ठिकाणी साडेतीन-चार मीटर उंच! पुढची कित्येक वर्षं लाटा तो बांध फोडत, पसरवत, बेटाला चोपडत राहिल्या.

हे लक्षात घेतलं की २०१८ सालच्या एका निष्कर्षाचं आश्चर्य थोडं कमी होतं, पण थोडंच. ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी तुवालूच्या १०१ लहानमोठ्या बेटांची १९७१ ते २०१४ या काळातली हवाई छायाचित्रं आणि उपग्रहचित्रं एकमेकांशी ताडून पाहिली. या काळात तिथला समुद्र जगाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वर चढला होता. आणि देशाची जमीन? २.९ टक्क्यांनी वाढली होती. चारांपैकी जवळजवळ तीन बेटं मोठी झाली होती.

झालं! तापमानवाढ हे थोतांड आहे असं मानणाऱ्यांना कोलीतच मिळालं. तुवालूचे तेव्हाचे पंतप्रधान एनेले सोपोआगा भडकले. क्षेत्रफळ वाढलं म्हणजे राहण्याजोगी जमीन वाढली असं होत नाही, जमिनीत शिरणारं खारं पाणी कुणी मोजायचं, असा त्यांचा सवाल होता. माझ्या मते इथे संशोधकही बरोबर होते आणि पंतप्रधानही. बेटं रुंदावतात, सरकतात. एका कडेची वाळू दुसऱ्या कडेला जाऊन बसते. वाळूला ते जमतं. शाळेला, कबरींना, विहिरीला जमत नाही. शिवाय भर घालणारे जीवच गरम पाण्याने आजारी पडले, तर पुढची भर कुठून येणार?

खारं पाणी इथे येतं तेही चमत्कारिक रीतीने. आपल्या रायगडातल्या खारभूमीत मातीचा बंधारा घालतात, त्याला उघाडी नावाचं दार ठेवतात. गोव्याच्या खाजन शेतीत त्याच दाराला मानस म्हणतात. भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं. ही युक्ती शतकानुशतकं चालली, कारण खालची माती चिकण आहे, पाणी सहज झिरपू देत नाही. तुवालूत खाली सच्छिद्र प्रवाळ. वर्षातली सर्वांत मोठी भरती साधारण फेब्रुवारीत येते, तेव्हा पाणी किनारा ओलांडायची वाटच पाहत नाही. गावाच्या मधोमध, धावपट्टीच्या कडेला, परसात, जमिनीतून बुडबुडे येतात आणि बघता बघता डबकं साचतं. आकाश निरभ्र, लाट कुठे नाही, आणि घोटाभर खारं पाणी.

या सच्छिद्र जमिनीतच आधी गोडं पाणीही होतं. पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहतं. खारं पाणी गोड्यापेक्षा फक्त अडीच टक्क्यांनी जड असतं, त्यामुळे हिशेब असा बसतो, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक वीत वर असेल तर त्याचा थर खाली चाळीस विती उतरलेला असतो. तुवालूच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या या पाण्यापर्यंत खड्डे खणले आणि त्यांत पुलाका लावला. हा दलदलीतल्या अळूचा दांडगा भाऊबंद, पुरुषभर उंच वाढणारा, कंद खायचा. आता कित्येक खड्डे खारावले आहेत. प्यायचं पाणी छपरावरून टाक्यांत उतरवतात. २०११ साली पाऊस रुसला तेव्हा देशात आणीबाणी जाहीर करावी लागली होती.

समुद्र चढवणारं पाणी येतं कुठून, हेही जरा पाहण्यासारखं आहे. ग्रीनलंडचं बर्फ वितळलं तर तिथला समुद्र आधी चढेल असं आपल्याला वाटतं. होतं उलटं. बर्फाचा तो अवाढव्य थर गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटलं की पकड सैल होते आणि सुमारे दोन हजार किलोमीटरच्या टापूत समुद्र चक्क खाली जातो. तिथून सुटलेलं पाणी दूरच्या समुद्रांच्या वाट्याला येतं. उष्ण कटिबंधातला प्रशांत महासागर अशा दूरच्यांपैकी एक.

मग या सगळ्यावर तिथली माणसं काय म्हणतात? बहुतेक सगळे ख्रिस्ती, चर्चला नेमाने जाणारे. अनेक वडीलधाऱ्यांचं म्हणणं साधं आहे: जलप्रलयानंतर देवाने नोहाला वचन दिलं होतं की पुन्हा असा पूर आणणार नाही, आणि साक्षीला इंद्रधनुष्य ठेवलं होतं. देव शब्द फिरवत नाही. बाहेरचे पत्रकार हे ऐकून भाबडेपणा म्हणून हसतात. पण त्याच चर्चमधले दुसरे लोक म्हणतात, की देवाने दिलेला शब्द देवापुरता. हा पूर माणसांनी आणलेला आहे.

तिथल्या सरकारातले मंत्री सायमन कोफे यांनी २०२१ मध्ये हवामान परिषदेसाठी भाषण केलं ते कोट-टाय घालून, गुडघाभर समुद्रात उभं राहून. पुढच्या वर्षी त्यांनी देशाची संगणकीय प्रतिकृती करण्याचा बेत जाहीर केला. २०२३ मध्ये राज्यघटना बदलून लिहिलं गेलं, की जमीन राहो न राहो, तुवालू हे राष्ट्र कायम राहील. हे हवेतलं वाटत असेल तर जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेलं मत पाहावं: राष्ट्र एकदा अस्तित्वात आल्यावर त्याचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून राष्ट्रपण संपतंच असं नाही. आणि त्याच २०२३ मध्ये फुनाफुतीच्या कंकणाच्या आतल्या तळ्यातली वाळू उपसून सात हेक्टर नवी जमीन भरून तयार झाली, २१०० नंतरही समुद्राच्या वर राहील अशा उंचीची. एका हाताने जमिनीवाचूनच्या देशाची तजवीज, दुसऱ्या हाताने जमीन. मला यात विसंगती दिसत नाही. घर गळायला लागलं की माणूस कौलंही शाकारतो आणि कागदपत्रंही पेटीत ठेवतो.

निघून जाणंही तिथे नवं नाही. तुवालूतल्या वैतुपू बेटावरच्या लोकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी फौजेकडे काम करून साठवलेल्या पैशांतून फिजीमधलं किओआ नावाचं आख्खं बेटच विकत घेतलं आणि १९४७ पासून तिथे वस्ती केली. तेव्हा कारण समुद्राचं नव्हतं, गर्दीचं होतं.

आताची वाट ऑस्ट्रेलियाची आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेल्या करारानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना तिथे राहायचा, काम करायचा, शिकायचा परवाना मिळणार. बदल्यात तुवालूने इतर देशांशी सुरक्षेचे करार करताना ऑस्ट्रेलियाची संमती घ्यायची. या अटीवर सोपोआगांसकट अनेकांनी टीका केली, आणि ती वाजवी होती. तरी २०२५ च्या मध्यावर पहिली सोडत निघाली तेव्हा अर्जांत कुटुंबीयांसह ८,७५० नावं होती, म्हणजे देशातले पाचांतले चार जण. सगळ्यांना देश सोडायचाच आहे असं त्यावरून म्हणता येणार नाही, कारण या परवान्यावर जाऊन हवं तेव्हा परतही येता येतं. वर्षाला २८० या वेगाने फक्त याच यादीतल्या सगळ्यांचा नंबर लागायला ३१ वर्षांहून थोडा जास्तच काळ लागेल, आणि तोवर यादीत नसलेली एक पिढी त्या धावपट्टीवर फुटबॉल खेळून मोठी झालेली असेल.