जहाजात चढण्याआधीचे सहा-सात तास

कुर्डुवाडीला रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसलेला प्रवासी सकाळी मुंबईत सीएसएमटीला उतरतो. गोव्याची क्रूझ बॅलार्ड पियरहून साधारण संध्याकाळी सुटते आणि प्रवाशांना आत घेतात ते दुपारी. स्टेशनपासून बंदर जेमतेम दोन किलोमीटर. म्हणजे हातात सहा-सात तास मोकळे. माढ्याहून निघताना सगळ्यांना धास्ती असते ती ‘बोट लागेल का?’ याची. पण मधुमेह असलेल्या साठीच्या माणसाला समुद्रापेक्षा जमिनीवरचे हे तासच जास्त जपावे लागतात.

होतं असं. सकाळी सातला वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, सवयीप्रमाणे इन्सुलिन टोचलं जातं किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेतली जाते. वर चहा आणि दोन बिस्किटं. मग गेटवे, तिथून पायी फोर्ट, थोडी खरेदी. दुपारचं जेवण मुद्दाम टाळलं जातं, कारण जहाजावरचं जेवण तिकिटातच आहे, तिथे भूक हवी! औषध मात्र जेवणाची वाट पाहत नाही. त्यात चालण्याने साखर आणखी उतरते. ऐन बंदरावरच्या रांगेत हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस उगाच चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. मुंबईत घाम सगळ्यांनाच येत असतो, म्हणून घरच्यांना वाटतं, ऊन लागलं. इथेच फसगत होते.

अशा वेळी पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून लगेच प्यायला द्यावी. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर पोटभर खायला द्यावं, नाहीतर साखर परत उतरते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

दुसरी गफलत बॅगेची. बंदरावर मोठं सामान काढून घेतात आणि ते केबिनमध्ये बऱ्याच उशिराने पोहोचतं. रक्तदाबाच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या त्यात गेल्या तर संध्याकाळचा डोस चुकतो. सगळी औषधं, इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच हवी.

आता उकाडा. माढ्यात एप्रिलमध्ये पारा ४० च्या पुढे जातो, त्यामुळे मुंबईचे ३३-३४ अंश आपल्या माणसाला किरकोळ वाटतात. पण घाम नुसता येऊन अंग थंड होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्या कोरड्या हवेत तो चटकन वाळतो, मुंबईच्या दमट हवेत अंगावरून नुसता ओघळतो. पाणी जातं, उष्णता राहते. म्हणून गेटवे, हॉर्निमन सर्कल जे पाहायचं ते दहाच्या आत पाहावं. त्याआधी पोटभर नाश्ता आणि सामान क्लोकरूममध्ये. नंतर छपराखाली. १९२२ मध्ये सुरू झालेलं वस्तुसंग्रहालय (जुन्या लोकांचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) त्यासाठी उत्तम, रमतगमत पाहता येतं. गुडघे दुखत असतील तर एशियाटिकच्या पायऱ्या खालूनच पाहाव्यात.

खाण्याचं म्हणाल तर सोलापूरकडची कडक भाकरी प्रवासाला अव्वल, पाण्याचा अंश नसल्याने तीत जंतू वाढत नाहीत. शेंगाचटणी मात्र बेताने, मोकळ्या समुद्रात तिखट उलटतं. रस्त्यावरचा बर्फ, उघडी चटणी, कापलेली फळं नकोत. जहाजांवर पसरणारा नोरोव्हायरस पोटात गेल्यावर १२ ते ४८ तासांनी त्रास देतो, म्हणजे फोर्टमध्ये खाल्लेलं जहाजावर कळतं. तिथे उलट्या-जुलाब झालेल्याला केबिनमध्येच थांबवतात. या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबणानेच हात धुवावेत.

राहिली बोट लागण्याची गोष्ट. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्या मेंदूला सांगतात ‘आपण हलतोय’. डोळ्यांना मात्र केबिनच्या भिंती स्थिर दिसतात. या विसंवादातून मळमळ सुरू होते. प्रोमेथाझिनसारखी गोळी जहाज सुटण्याआधी एक-दोन तास घेतली तरच उपयोगी. एकदा उलट्या सुरू झाल्या की ती पोटात टिकत नाही. सकाळी स्टेशनवर उतरल्याबरोबर घेणंही चुकीचं, कारण दिवसभर गुंगीत रस्ते ओलांडावे लागतात. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी आणि घेतल्यावर मद्याला हात लावू नये. तरी डोकं गरगरलंच तर मोबाइल बाजूला ठेवून डेकवर जावं, जहाजाच्या मध्यभागी उभं राहावं आणि दूर क्षितिजाकडे पाहावं.