अरेस्टर होता, पण कुठे?

विजेच्या लाटेच्या परावर्तनावरचा माझा आधीचा लेख वाचून उपकेंद्रातून निवृत्त झालेल्या एका वाचकांनी विचारलंय: ‘‘वीज लाइनवर पडली. एलए (लाइटनिंग अरेस्टर) शाबूत, त्याचे आघात मोजणाऱ्या काउंटरचा आकडाही एकाने पुढे सरकलेला. म्हणजे त्याने काम केलं. तरी ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग गेलं. मग एलए लावायचा कशाला?’’

माझा उलट प्रश्न एवढाच: एलए ट्रान्सफॉर्मरपासून किती लांब होता?

हिशेब मांडू. उघड्या तारेवरची विजेच्या दाबाची (व्होल्टेजची) लाट मायक्रोसेकंदाला जवळजवळ 300 मीटर धावते. ट्रान्सफॉर्मर तिला पहिल्या क्षणी तारेच्या तुटक्या टोकासारखाच भासतो, लाट तिथून परावर्तित होते, म्हणजे तिथे दाब दुप्पट होऊ पाहणार. समजा, एलए आपल्याजवळचा दाब 350 केव्हीवर धरून ठेवतो, ट्रान्सफॉर्मर त्याच्या 30 मीटर पुढे आहे आणि लाट मायक्रोसेकंदाला 1000 केव्ही अशी चढतेय. तीस मीटर जायला 0.1 मायक्रोसेकंद, परतायला तेवढाच. या 0.2 मायक्रोसेकंदाच्या फेरीपायी ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगवर 200 केव्ही जादा चढतात. एलएपाशी 350, ट्रान्सफॉर्मरपाशी 550! आणि 132 केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरची आघात सोसण्याची पातळी बहुधा 550 केव्हीच असते. नवा असेल तर कदाचित निभावेल. वीस पावसाळे काढलेल्या, ओल धरलेल्या रोधनाच्या कागदाचा भरवसा कोण देणार?

हेच अंतर 6 मीटरवर आणलं की जादा दाब 40 केव्ही. एलए तोच, लाटही तीच.

गावातल्या 11 केव्हीच्या डीपीवर (दोन खांबांवरच्या ट्रान्सफॉर्मरवर) अंतराचा प्रश्न सहसा नसतो, तिथे घात करते जोडतार. सरळ तारेचंसुद्धा इंडक्टन्स मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री असतं. वीजप्रवाह मायक्रोसेकंदाला 10 किलोअँपिअर अशा चढाने आला, तर तारेच्या दर मीटरमागे 10 केव्ही. एलएचा स्वतःचा दाब 30 केव्हीच्या आसपास, वर-खाली मिळून पाच मीटर तार, म्हणजे 80. ट्रान्सफॉर्मरची पातळी 75! त्यातून उरलेल्या तारेचं वेटोळं करून ‘असू दे, कामाला येईल’ म्हणत खांबालाच बांधून ठेवलेलं मी अनेकदा पाहिलंय. वेटोळ्याचं इंडक्टन्स सरळ तारेहून जास्त, हे वेगळं सांगायला नको. मेगरने रोधन तपासा, मल्टिमीटरने जोड तपासा, सगळं ठाकठीक दिसेल. कारण ही चूक फक्त मायक्रोसेकंदापुरती जागी होते.

म्हणून एलए ट्रान्सफॉर्मरच्या टाकीलाच खेटून बसवावा, त्याचं खालचं टोक आखूड पट्टीने टाकीला जोडावं आणि मगच अर्थिंगच्या खड्ड्याकडे जावं. तिथून पुढची तार लांब असली, तरी निदान वाइंडिंग आणि टाकी यांच्यामधल्या दाबात तिची भर पडत नाही.

लाइन आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये केबलचा तुकडा आला की हिशेब पुन्हा बदलतो. पण तो वेगळा विषय.