सिस्टर, तुम्हाला झोप लागते का?

सकाळी मीरा रोड आणि भाईंदर स्टेशनवर चर्चगेटच्या दिशेने जाणारी गर्दी ओसंडत असते. त्याच वेळी उलट दिशेच्या, त्यामानाने मोकळ्या लोकलमधून उतरणाऱ्यांत रात्रपाळी संपवून आलेल्या परिचारिका असतात. आठ वाजता ओव्हर दिलेली असते, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्डाचा हिशेब सोपवलेला असतो. घरी पोहोचल्यावर दूध, डबे, मुलांची शाळा. झोपायला अकरा वाजतात आणि साडेअकराला कुरिअरवाला बेल वाजवतो. शेजारी फ्लॅटचे काम चालू असेल, तर ड्रिल मशिन आहेच. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. मुंबईच्या मानाने परवडणारी घरे मिळाल्याने रुग्णालयात काम करणारी कितीतरी कुटुंबे इथे स्थायिक झाली आहेत.

भाईंदर पश्चिमेचे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘टेंभा’, कोविडच्या काळात कोविड रुग्णांसाठी राखून ठेवले होते. तेव्हा अशा वॉर्डांमधल्या परिचारिकांनी पीपीई किटमध्ये तासन्‌तास पाणी न पिता काम केले. नातेवाईक आत येऊ शकत नसल्याने मरणाऱ्या माणसाचा हात धरायला अनेकदा सिस्टरच होती. बाहेर लोक थाळ्या वाजवत होते आणि काही सोसायट्यांत त्याच सिस्टरला लिफ्ट वापरू नका, असे सांगितले जात होते. ती साथ ओसरली. त्या महिन्यांत मनात जे साचले, त्याचे काय झाले, हे मात्र फार थोड्यांनी विचारले.

परिचारिकेचे काम म्हणजे इंजेक्शन आणि सलाइन, असा आपला समज असतो. त्यातला न दिसणारा भाग जास्त दमवतो. एका खाटेवर मूल दगावते, आईचा आक्रोश चालू असतो आणि चार पावलांवरच्या खाटेवर बाळंतिणीला हसून अभिनंदन करायचे असते. मधे पाच मिनिटेही मिळत नाहीत. अमेरिकी अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये परिचारिकांच्या संदर्भातच आणखी एका ताणाला नाव दिले. योग्य काय ते कळते, पण व्यवस्थेमुळे ते करता येत नाही, तेव्हा होणारी ही नैतिक घुसमट. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायला हवी, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे प्रत्येक सिस्टरला ठाऊक असते. पण सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका हा निकष कागदावरच राहिला आणि प्रत्यक्षात तीस-चाळीस रुग्ण समोर असले, तर ती कोणाची कूस बदलणार? जखम झाली की नातेवाईक तिलाच बोलतात. डॉक्टर राउंड घेऊन निघून गेलेले असतात!

या ताणाचे एक टोक कामा रुग्णालयात दिसले होते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहशतवादी आवारात घुसले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर स्त्रियांना टोकाच्या पॅन्ट्रीत हलवून वाचवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्यावर भिंतीच्या आधाराने तिला प्रसूतिगृहापर्यंत नेलेही. पुढे न्यायालयात साक्ष द्यायला त्या गणवेशातच गेल्या. डिसेंबर 2022 मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलताना त्यांनी सांगितले की, ती रात्र आजही त्यांची पाठ सोडत नाही. शौर्याची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते, आठवण मात्र अशी वर्षानुवर्षे राहते. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर मेंदूची धोक्याची घंटा कधी कधी बंदच होत नाही. छातीत धडधडते, झोपेतून दचकून जाग येते, त्या जागेकडे जाणे टाळावेसे वाटते. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

दुसरे नाव अरुणा शानबाग यांचे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी केईएम रुग्णालयातच या तरुण परिचारिकेवर हल्ला झाला आणि 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच अंथरुणावर होत्या. जवळजवळ बेचाळीस वर्षे परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांचे सगळे केले. 2011 च्या दयामरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेची प्रशंसा केली आणि त्यांच्या वतीने निर्णय घेणारे जवळचे म्हणून केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच मानले. या गोष्टीतला त्याग सगळ्यांना आठवतो. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी सुरक्षित कामासाठी संप केला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देणारा महाराष्ट्राचा कायदा 2010 मध्ये आला. त्यात परिचारिकाही येतात.

‘बर्नआउट’ हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची व्याख्या करताना त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट न हाताळल्याने निर्माण होणारी ती अवस्था आहे. सतत थकवा, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही, ही भावना. दोष कामाच्या रचनेत असेल, तर दुरुस्तीही तिथेच हवी. 12 मे या परिचारिका दिनाला गुलाब, केक आणि तासाभराचे ध्यानाचे सत्र ठेवायला हरकत नाही, पण रिक्त पदांवर त्याने इलाज होत नाही. 2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा कंत्राटी भरतीला विरोध हा मुख्य मुद्दा होता. दर काही महिन्यांनी नोकरीची धाकधूक असणारी व्यक्ती रात्री शांत झोपेल, अशी अपेक्षा कशी करायची? ज्यांच्या जन्मदिवशी हा दिन साजरा होतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही युद्धातून परतल्यावर दिवे ओवाळून घेतले नाहीत. मृत्यूंचे आकडे सरकारपुढे ठेवून त्यांनी सुधारणा मागितल्या, आणि तेही बरीच वर्षे आजारपणात, अंथरुणातून.

रात्रपाळीचा शरीरावरचा परिणाम वेगळाच. आपले जैविक घड्याळ उजेडावर चालते. रात्री जागून दिवसा झोपले, तर झोप तुटक आणि उथळ होते, चिडचिड वाढते, पचन बिघडते आणि नैराश्याचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तर रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. पाळीत आळीपाळीने वीस-तीस मिनिटांची डुलकी घेऊ दिली, तर सतर्कता वाढते. तिला कामचुकारपणा म्हणणाऱ्या इन्चार्जनी हे ध्यानात घ्यावे. संध्याकाळच्या पाळीला जोडून लगेच दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी लावणेही टाळायला हवे. पाळीच्या शेवटच्या काही तासांत चहा-कॉफी नको. घरी जाताना गॉगल, खोलीला जाड पडदे. आणि घरच्यांनी ते पाच-सहा तास बेलचा स्विच बंद ठेवावा.

नातेवाईकांनाही काही सोपे आहे. प्रश्न एकदम विचारावेत, दर दहा मिनिटांनी वेगवेगळ्या माणसाने नव्हे. चांगली सेवा मिळाली, तर अधिसेविकेला सिस्टरचे नाव घालून दोन ओळी लिहून द्याव्यात. मिठाईचा डबा संध्याकाळपर्यंत संपतो, कागद फाइलमध्ये राहतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, कामावर जाण्याच्या विचारानेच रडू येत असेल किंवा रात्रीच्या गोळ्या वाढत चालल्या असतील, तर मदत घेण्याची वेळ आली आहे. परिचारिकांची अडचण अशी की, आपल्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढला, तर सगळे ओळखीचे भेटतात. त्यांनी दुसऱ्या रुग्णालयात जावे किंवा ‘टेलीमानस’ला फोन करावा. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. क्रमांक 14416. जीव नकोसा वाटत असेल, तर पाळी संपण्याचीही वाट पाहू नये. शेजारच्या सहकारी सिस्टरला सांगावे आणि तिने त्या वेळी सोबत सोडू नये.