घरी जुळवलेला पीसी, भाग ६ : रॅमवरचा आळ

मागच्या भागात प्रोसेसर बसवून, कूलर आवळून आपण थांबलो होतो. या आठवड्यात कॅबिनेटमधल्या वायरी आवरायचं ठरलं होतं, पण मध्येच भाच्याचा फोन आला आणि विषय बदलला.

त्यानं वर्षभर पैसे साठवून रायझन ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड आणि १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक घेतल्या. रॅमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ६०००. शनिवारी रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल : ‘मामा, पंखे फिरतायत, लाइट लागलेत, पण स्क्रीन काळी. रॅम उडाली वाटतं.’

नवा पीसी चालू झाला नाही की पहिला आळ रॅमवर येतो. खरं तर अगदीच खराब रॅम कमी वेळा सापडते. बसवण्यात, सेटिंगमध्ये किंवा आपल्या घाईत गोम जास्त वेळा असते. मी म्हटलं, बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतील, कुठला पेटलाय? डीआरॅमचा पिवळा पेटला होता. मग कॅमेरा स्लॉटकडे न्यायला लावला. दोन्ही स्टिक पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये होत्या.

चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन स्टिक लावायच्या त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. मॅन्युअलमध्ये त्यांची नावं ए२ आणि बी२ अशी असतात. तारेचा मार्ग जवळच्या स्लॉटवरून पुढच्या स्लॉटपर्यंत गेलेला असतो. स्टिक अलीकडे लावली तर पुढचा तुकडा नुसताच लोंबकळत राहतो, त्याच्या टोकावरून सिग्नल आपटून मागे येतो आणि खऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. म्हणजे विहिरीत हाक मारल्यासारखं.

एसएमपीएसचं बटण बंद करून त्यानं स्टिक हलवल्या. एका बाजूचा खटका ‘टक्’ वाजला नव्हता, तोही नीट दाबून बसवायला सांगितलं. तरी स्क्रीन काळीच. तो दर चाळीस सेकंदांनी पॉवरचं बटण दाबून मशीन बंद करत होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ‘आता हात लावू नकोस. चहा करून ये.’ चार-साडेचार मिनिटांनी बायोसची स्क्रीन उगवली.

त्या चार मिनिटांत काय चाललं होतं, ते बघण्यासारखं आहे. ६००० च्या वेगाला एक बिट तारेवर साधारण १६७ पिकोसेकंद टिकतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ५ सेंटिमीटर जातो, आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेतून सिग्नल त्याहून हळू धावतो. एक रेघ दुसरीपेक्षा किंचित लांब असली तरी बिट मागेपुढे पोचतात. म्हणून पहिल्यांदा चालू होताना प्रोसेसर प्रत्येक रेघेवर ओळखीचे नमुने पाठवून बघतो आणि नेमकं कुठल्या क्षणी वाचायचं ते ठरवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ मध्ये, त्यातही भाच्याकडे आहे तशा एएम५ बोर्डांवर, हे पहिल्या वेळी काही मिनिटं चालतं, आणि स्क्रीनवर त्याची चाहूलही लागत नाही. बिचारं मशीन शिकत असताना भाचा दर वेळी पाटी पुसून टाकत होता.

खरा त्रास आठवड्यानं सुरू झाला. गेम अर्ध्या तासानं कुठलाही निरोप न देता बंद पडून डेस्कटॉप दिसायचा. एकदा निळी स्क्रीन आली, खाली ‘मेमरी मॅनेजमेंट’. डाउनलोड केलेली झिप फाइल उघडताना खराब निघाली. दुकानदारानं ‘ग्राफिक्स कार्ड बदलून बघू’ म्हटलं. मला त्या झिप फाइलनं सावध केलं. ग्राफिक्स कार्डाचा झिपशी काय संबंध?

मी विचारलं, एक्स्पो चालू केलंस का? केलं होतं. खोक्यावरचा ६००० हा आकडा रॅमचा जन्मजात वेग नसतो. बायोसमध्ये एक्स्पो (इंटेलच्या बोर्डांवर एक्सएमपी) लावलं नाही तर अशी रॅम साधारण ४८०० ला, १.१ व्होल्टवर चालते. एक्स्पो लावलं की ६००० आणि बहुधा १.३५ व्होल्ट. म्हणजे हे ओव्हरक्लॉकिंगच. रायझन ७००० मालिकेला एएमडीनं अधिकृतपणे ५२०० चाच वेग दिलाय. ६००० बहुतेकांकडे चालतो, पण ती हमी नव्हे. (सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये ३००० दिसलं म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका. तो निम्माच आकडा दाखवतो.)

एक्स्पो बंद केल्यावर दोन दिवस काही बिघडलं नाही. मग एक्स्पो परत लावून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवलं. हा प्रोग्रॅम मेमरीत ठरावीक नमुने लिहितो आणि परत वाचून पडताळतो. सकाळी भाच्यानं फोटो पाठवला : तीन लाल ओळी. लिहिलेला आकडा आणि वाचलेला आकडा शेजारी शेजारी, आठ अक्षरांपैकी सात तंतोतंत तीच, एकच वेगळं. ३२ जीबीत तीन चुका म्हणजे किरकोळ, असं त्याला वाटलं. इथे किरकोळ असं काही नसतं. स्वीकारार्ह आकडा शून्य. ‘डीडीआर५ मध्ये चुका आपोआप दुरुस्त होतात ना?’ हेही त्यानं विचारलं. होतात, पण चिपच्या आत. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे सांडतं, त्याला ती सोय पुरत नाही.

पुढे मी एकच अट घातली : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. पहिली स्टिक एकटी, ए२ मध्ये, ६००० वर : पास. दुसरी एकटी, त्याच स्लॉटमध्ये : पास. दोन्ही मिळून : नापास. म्हणजे दोन्ही स्टिक निर्दोष, भानगड एकत्र नांदण्याची. बायोस बोर्डाबरोबर आलेलंच, जुनं होतं. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर प्रोसेसरमधल्या एसओसी भागाचं व्होल्टेज १.३ व्होल्टच्या आत बांधणारी बायोस अपडेट आली, हे आठवत असेल तर अपडेटला आळस करू नये, हेही कळेल. अपडेट करण्याआधी एक्स्पो बंद केलं, कारण चुका करणाऱ्या मेमरीवरून बायोस लिहिणं म्हणजे भलतं धाडस. आणि त्यांच्याकडे गुरुवारी वीज जाते, म्हणून शुक्रवारपर्यंत थांबलो.

नव्या बायोसवर, एक्स्पोसह, मेमटेस्टच्या चार फेऱ्या स्वच्छ. तरी मी लगेच हुश्श केलं नाही. मेमटेस्ट चालतं तेव्हा ग्राफिक्स कार्ड निवांत असतं. गेममध्ये त्याची गरम हवा थेट रॅमवर येते. तीन तास गेम खेळायला सांगितला. मामानं असं सांगावं, याचं ताईला अजून आश्चर्य वाटतंय.

आता त्या दोन रिकाम्या स्लॉटांवर भाच्याचा डोळा आहे. तशाच आणखी दोन स्टिक लावल्या की ६४ जीबी. त्याला एएमडीचा तक्ता पाठवला : त्याच्या प्रोसेसरला दोन स्टिकवर ५२००, चार स्टिकवर ३६००. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात राहिलेल्या वायरी.